सोलापूरच्या अल्पसंख्याक महाविद्यालयांना आंतरराष्ट्रीय आरोग्यकार्यात उतरायचं असेल तर

परदेशी विद्यापीठाकडे पैसा असतो, संगणक असतात, संख्याशास्त्रज्ञ असतात. पण सोलापूरच्या पूर्व भागात एखाद्या घराच्या उंबऱ्यावर बसून, विड्या वळणाऱ्या बाईला तिच्या तेलुगूत 'खोकला किती दिवसांपासून आहे?' असं विचारणारं माणूस त्यांच्याकडे नसतं. नई जिंदगी, बेगम पेठ अशा वस्त्यांत दार उघडलं जाईल अशी ओळखही नसते. ती ओळख सोलापूरच्या अल्पसंख्याक महाविद्यालयांकडे आहे, कारण त्यांच्या वर्गात बसणारी मुलं-मुली याच घरांतून येतात. आंतरराष्ट्रीय प्रकल्पात कॉलेज घालतं ते भांडवल हेच. ते कसं घालायचं, आणि घातल्यावर दुसऱ्यानं परस्पर खर्च करून टाकू नये म्हणून काय करायचं, ते पुढे सांगितलं आहे.

'अल्पसंख्याक' म्हणजे काय, हे पहिल्या पत्रातच सांगा

इथेच पहिला घोळ होतो. आपल्याकडे दर्जा ठरतो तो संस्था कुणी स्थापली आणि कोण चालवतं यावर. राज्यघटनेच्या कलम ३० (१) नुसार धर्म किंवा भाषा या दोन्ही आधारांवर अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था काढता येतात. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालानंतर अल्पसंख्याक कोण, हे राज्य हा घटक धरून ठरतं. त्यामुळे महाराष्ट्रात तेलुगू किंवा कन्नड भाषकांची संस्थाही भाषिक अल्पसंख्याक असू शकते. सोलापुरात हे विसरून चालणार नाही.

अमेरिकेत हिशेब वेगळा आहे. तिथल्या 'हिस्पॅनिक-सर्व्हिंग' संस्थेला दर्जा मिळतो तो पदवीपूर्व विद्यार्थ्यांत किमान २५ टक्के हिस्पॅनिक असल्यावर. ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालयांचा दर्जा इतिहासावरून ठरतो: १९६४ पूर्वी, कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेली संस्था. तुम्ही नुसतं अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र पाठवलंत तर समोरचा 'तुमचे विद्यार्थी कोण?' असं विचारणारच, आणि प्रमाणपत्रात त्याचं उत्तर नसतं.

म्हणून प्रमाणपत्राच्या प्रतीसोबत एक पान जोडा. एकूण विद्यार्थी किती, घरात कॉलेजला आलेली पहिली पिढी कितीजणांची, घरी कोणती भाषा बोलतात, कोणत्या पेठेतून आणि वसाहतीतून येतात, घरात विडीकाम किंवा यंत्रमागाचं काम आहे का, एवढं त्यात असावं. प्रवेश अर्जातून ही माहिती निघत नाही. सत्राच्या पहिल्या आठवड्यात वर्गावर्गात नाव न लिहिता भरायची पाच प्रश्नांची चिठ्ठी फिरवा, दोन दिवसांत आकडे हातात येतात. हे एक पान दहा पानी माहितीपुस्तिकेपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

विषय गल्लीतून निवडा

जगाच्या आरोग्यव्यवस्थेचे धागे सोलापुरात आधीच आहेत, ते ओळखायचे. हज आणि उमरा यात्रेकरूंना सौदी अरेबियाच्या नियमानुसार मेनिंगोकोकल लस पोहोचण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. कुणाला कुठे अडतं, कोण शेवटच्या आठवड्यात धावपळ करतं, हा मुस्लिम महाविद्यालयासाठी छोटा, स्वच्छ आणि खऱ्या अर्थानं आंतरराष्ट्रीय विषय आहे. पंढरपूरची आषाढी वारी जिल्ह्यातलीच. मोठ्या मेळाव्यांतलं पाणी, उष्णता आणि साथी यांचा अभ्यास करणारे गट जगभर आहेत.

आमच्या मते सोलापूरसाठी सगळ्यांत भक्कम विषय विडीकामगार बायकांच्या आरोग्याचा. जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार २७ फेब्रुवारी २००५ रोजी लागू झाला. भारतानं त्याला २००४ मध्येच मान्यता दिली होती. या कराराचं कलम १७ तंबाखूवर पोट असलेल्यांच्या पर्यायी रोजगाराबद्दल आहे, आणि कलम १८ तंबाखू पिकवणाऱ्या व माल तयार करणाऱ्या माणसांच्या आरोग्याबद्दल. जगभरातलं बहुतेक संशोधन ओढणाऱ्यांवर होतं, वळणाऱ्यांवर फार कमी. सूप मांडीवर घेऊन दिवसभर तंबाखूच्या भुकटीत बसणाऱ्या बाईचा खोकला, पाठ, डोळे, आणि त्याच खोलीत झोपणारं बाळ, यांची नीट मांडलेली माहिती सोलापूरच्या कॉलेजकडे असेल तर भागीदार स्वतःहून येतो.

एक गोष्ट मात्र आधीच पक्की करा. अभ्यास 'विडी बंद करा' या सुरात सुरू झाला तर दुसऱ्या दिवशी एकही दार उघडणार नाही, आणि ते योग्यच आहे. विद्यार्थ्यांच्या घरची चूल याच कामावर पेटते. कलम १७ आणि १८ दोन्ही एकत्र धरा: आरोग्याचा प्रश्न विचारायचा, आणि त्याच कागदावर दुसरं काम मिळालं तर कोणतं हवं, किती मजुरीचं हवं, घरून करता येणारं हवं का, हेही विचारायचं.

भागीदार कसा शोधायचा

पन्नास विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयांना एकच मेल पाठवू नका. तुमच्या विषयावर भारतात काम केलेल्या तीन-चार संशोधकांची नावं त्यांच्या निबंधांवरून काढा आणि थेट त्यांना एक पानाचं पत्र लिहा: आम्ही कोण, कोणत्या वस्तीत पोहोचू शकतो, किती विद्यार्थी, कोणत्या भाषा, आणि तुमच्याकडून काय हवं. 'काय हवं' हा भाग बहुतेक पत्रांत नसतो. नमुना निवडीत मदत, दोन शिक्षकांचं प्रशिक्षण, विश्लेषण शिकवण्यासाठी आठ ऑनलाइन तास, असं मोजून लिहा.

अमेरिकेतल्या शंभरेक कृष्णवर्णीय महाविद्यालयांचा विचार जरूर करा. हॉवर्ड विद्यापीठ (१८६७), मेहॅरी मेडिकल कॉलेज (१८७६), मोरहाऊस स्कूल ऑफ मेडिसिन (१९७५) यांच्याकडे गरीब, दुर्लक्षित वस्तीत वैद्यकीय काम करण्याचा मोठा अनुभव आहे, आणि 'आमच्यावर संशोधन करून लोक निघून जातात' ही तक्रार त्यांना समजावून सांगावी लागत नाही.

त्याचं कारण टस्कगी. १९३२ ते १९७२ या काळात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेनं अलाबामात सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास केला. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. खरा आजार त्यांना सांगितला नाही, आणि पेनिसिलिन हाताशी आल्यावरही ते दिलं नाही. या अभ्यासात टस्कगी इन्स्टिट्यूट या कृष्णवर्णीय महाविद्यालयाचं नाव, जागा आणि लोकांचा त्याच्यावरचा विश्वास वापरला गेला. प्रत्येक अल्पसंख्याक महाविद्यालयानं करारावर सही करण्यापूर्वी ही गोष्ट समोर ठेवावी. लोक परदेशी विद्यापीठाला पाहून दार उघडत नाहीत, तुमच्या कॉलेजच्या ओळखपत्राला पाहून उघडतात. बिघडलं तर बोट तुमच्याकडे येतं.

संयुक्त पदवीच्या मागे मात्र लागू नका. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार त्यासाठी नॅकचे (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था) किमान ३.०१ गुण किंवा ठरावीक क्रमवारीतलं स्थान लागतं. संशोधन, प्रशिक्षण आणि विद्यार्थ्यांचं क्षेत्रकार्य यांसाठी ती अट नाही.

सोलापुरात जन्मलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव सोलापूरच्या प्रत्येक अर्जात घालावंसं वाटतं. १९३८ मध्ये ते चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले, आणि चीनमध्ये आजही त्यांचं नाव आदरानं घेतलं जातं. चिनी संस्थेला लिहिताना ते पहिल्या परिच्छेदात असावं. इतरांसाठी एक ओळ पुरे.

पैसा: सगळ्यांत जास्त प्रकल्प इथे अडतात

परदेशी पैसा घ्यायचा तर विदेशी योगदान नियमन कायदा, म्हणजे एफसीआरए, लागू होतो. नोंदणी कॉलेजच्या नावावर नसते, ती संस्थेच्या म्हणजे ट्रस्टच्या नावावर असते. त्यामुळे प्राचार्यांनी एकट्यानं सही केलेला करार पैशाच्या बाबतीत निरुपयोगी. आधी ट्रस्टचा ठराव, मग महाविद्यालय विकास समितीचा ठराव, मग करार, हा क्रम ठेवा.

नोंदणीसाठी (अर्ज एफसी-३ए) संस्था किमान ३ वर्षांची हवी आणि गेल्या ३ वर्षांत तिनं मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक आणि पदाधिकाऱ्यांचे आधार लागतात. विश्वस्त मंडळातला बदल धर्मादाय कार्यालयात नोंदवायचा राहून गेला असेल तर अर्ज तिथेच अडतो, म्हणून तो बदल-अर्ज आधी निकाली काढा. नोंदणीला वेळ नसेल तर एका विशिष्ट देणगीदाराकडून, विशिष्ट कामासाठी, ठरलेल्या रकमेची पूर्वपरवानगी (एफसी-३बी) घेता येते. त्यासाठी देणगीदाराचं रक्कम लिहिलेलं हमीपत्र लागतं.

परदेशातून येणारी प्रत्येक रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. सोलापूरच्या खात्यात थेट आली की कायदाभंग झाला, मग हेतू कितीही चांगला असो. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवा. आर्थिक वर्ष संपल्यापासून ९ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत, एफसी-४ विवरण भरा, त्या वर्षी एक रुपयाही आला नसला तरी. नोंदणी ५ वर्षं चालते, नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या आधीच्या सहा महिन्यांत करायचा.

आता नेहमीचा सापळा. पुण्या-मुंबईची एखादी एफसीआरए नोंदणी असलेली संस्था म्हणते, 'पैसे आमच्याकडे येतील, आम्ही तुम्हाला वळते करू.' २०२० च्या दुरुस्तीनंतर हे चालत नाही. एका संस्थेला मिळालेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही, दुसरीचीही नोंदणी असली तरी. त्या संस्थेनं प्रकल्प स्वतः चालवावा, छपाई, प्रवास, प्रशिक्षक यांची बिलं स्वतःच्या नावावर थेट चुकवावीत, आणि कॉलेजनं जागा, शिक्षक आणि विद्यार्थी द्यावेत. कॉलेजच्या खात्यात काहीही येणार नाही, हे करारात स्पष्ट लिहा आणि सनदी लेखापालाला दाखवून घ्या. संयुक्त राष्ट्रसंघ आणि जागतिक आरोग्य संघटनेसारख्या त्याच्या विशेष संस्थांचा पैसा या कायद्यात 'परदेशी स्रोत' धरला जात नाही, हा अपवाद लक्षात ठेवा.

एकाच देणगीदारावर सगळा प्रकल्प टांगू नका. अमेरिकेची परदेशांना मदत देणारी यूएसएड संस्था १ जुलै २०२५ ला बंद झाली आणि तिच्यावर चालणारी कामं मध्येच थांबली. पहिलं वर्ष परदेशी पैशाशिवाय, एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) आणि अभ्यासक्रमातल्या क्षेत्रप्रकल्पाच्या जोरावर निघेल इतकंच मोठं ठेवा.

परवानग्या

आरोग्यविषयक संशोधनाला नैतिकता समितीची मंजुरी हवीच. स्वतःची समिती काढायची तर ७ ते १५ सदस्य, बाहेरचा अध्यक्ष, आणि आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी, हे कला-वाणिज्य महाविद्यालयाला झेपत नाही. नोंदणीकृत समिती असलेल्या वैद्यकीय संस्थेशी लेखी करार करून तिची समिती वापरा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं याला वाव देतात.

परदेशी भागीदार किंवा परदेशी पैसा असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही (एचएमएससी) मंजुरी लागते. अर्ज आयसीएमआरमार्फत, भारतीय प्रमुख संशोधकानं करायचा. यात काही महिने जातात. जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर अर्ज आणि ऑगस्टमध्ये सर्वेक्षण, असं वेळापत्रक कुणी आखलं असेल तर तिथेच थांबवा. मंजुरीच्या आधी गोळा केलेली माहिती नंतर नियमित करून घेता येत नाही, ती टाकूनच द्यावी लागते.

पहिल्या प्रकल्पात रक्ताचे किंवा थुंकीचे नमुने घेऊ नका. प्रश्नावली पुरे.

स्थानिक पत्रांत हद्दीचा घोळ होतो. शहरातल्या वस्तीसाठी महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र लागतं. पण विडीकामगारांची कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे, तिथे जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र चालतं. क्षयरोगाचे प्रश्न असतील तर क्षयरोग अधिकाऱ्यांना आधी भेटा. आशाताईंना तर सगळ्यांच्या आधी. त्यांना डावलून वस्तीत गेलात तर 'हे कोण आले?' हा प्रश्न तुमच्या आधी दारोदार पोहोचतो.

परदेशी पाहुणे पर्यटक व्हिसावर येऊन सर्वेक्षण करू शकत नाहीत, व्हिसा कामाला धरून हवा. कॉलेजच्या अतिथिगृहात उतरवलं तर २४ तासांत ठरलेल्या अर्जावर (पूर्वीचा फॉर्म सी) त्यांची माहिती कळवायची जबाबदारी तुमची.

प्रश्नावली आणि चार भाषा

सोलापुरात चार भाषा धराव्या लागतात: मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू. इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी करून 'बाकी मुलं तोंडी सांगतील' यावर सोडलं की माहिती वाया गेली. एका मुलीनं 'दम लागतो का' असं विचारलं, दुसरीनं 'थकवा येतो का' असं, तर हे दोन वेगळे आजार मोजले गेले.

एकानं भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं ते उलट इंग्रजीत आणायचं, आणि दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून फरक काढायचा. सोलापूरचं तेलुगू पुस्तकी तेलुगू नाही, त्यात मराठी आणि कन्नड मिसळलेलं आहे. मराठी शाळेत शिकलेल्या अनेक तेलुगू मुलांना तेलुगू लिपी वाचता येत नाही. म्हणून तेलुगू प्रश्न देवनागरीत छापा. उर्दूचंही तसंच: उर्दू माध्यमाच्या मुलींसाठी उर्दू लिपीत, पण शब्द घरातल्या दखनीचे. हैदराबादहून किंवा दिल्लीहून भाषांतर मागवून पैसे घालवू नका. भाषेच्या प्राध्यापिकेला आणि वस्तीतल्या दोन वयस्क बायकांना एकत्र बसवा.

मग प्रत्येक भाषेत ८ ते १० घरांत चाचणी घ्या. उत्तर लिहून थांबू नका, 'या प्रश्नाचा अर्थ तुम्हाला काय वाटला?' असं विचारा. 'महिन्याचं उत्पन्न' हा प्रश्न इथे नेहमी फसतो. विडीची मजुरी दर हजार विड्यांमागे ठरते, म्हणून 'काल किती वळल्या, त्यातल्या किती नाकारल्या?' असं विचारलं तर खरं उत्तर येतं.

मोबाइलवर कोबो टूलबॉक्स हे माहिती गोळा करण्याचं साधन वापरा. इंटरनेट नसताना चालतं, आणि एकाच फॉर्ममध्ये चारही भाषा बसतात. मुलाखत २५ मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका, विडी वळणाऱ्या हाताचं नुकसान होतं.

किती घरं, किती मुलं

९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चुकीची मुभा धरली तर साध्या नमुन्याला ३८४ घरं लागतात. आपण मात्र गल्ल्या निवडतो, आणि एका गल्लीतली घरं एकमेकांसारखी असतात. म्हणून दीडपट करा: ५७६. दर दहांत एक घर बंद किंवा नकार देणारं धरा, म्हणजे ६४० घरांच्या दारापर्यंत जायची तयारी हवी.

४० विद्यार्थ्यांच्या २० जोड्या, रोज ५ घरं, ७ दिवस: ७०० घरं होतात. एनएसएसच्या ७ दिवसांच्या विशेष शिबिरात हे बसतं. स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास द्यायचे असतातच. क्षेत्रप्रकल्पाचे श्रेयांक द्यायचे असतील तर एका श्रेयांकाला ३० तास धरा.

जोडीत किमान एक मुलगी हवी, आणि जोडीतल्या एकाला तरी त्या घराची भाषा यायला हवी. विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या गल्लीत मात्र पाठवू नका. हा नियम कुणालाच पटत नाही, कारण ओळख हेच तर आपलं भांडवल. पण शेजारच्या मुलीला कुणी 'घरात टीबी आहे' असं सांगत नाही, आणि सांगितलं तर ते गल्लीत राहत नाही. समाज तोच, गल्ली दुसरी.

१२ तासांचं प्रशिक्षण पुरतं, त्यातले निम्मे सरावाचे. शिक्षकांनी आयसीएमआरच्या चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा मोफत ऑनलाइन संशोधन अभ्यासक्रम आधी करून घ्यावा.

तारखा सप्टेंबरच्या उत्तरार्धात किंवा डिसेंबरमध्ये धरा. एप्रिल-मेच्या उन्हात मुलांना पत्र्याच्या घरांमधून फिरवायचं नाही. रमजान, गणपती, सत्र परीक्षा आणि जानेवारीतली गड्ड्याची जत्रा टाळा. विडीकामगार बायका सकाळी माल द्यायला आणि पानं आणायला कारखान्यात जातात, त्यामुळे सकाळी गेलात की कुलूप. दुपारी ३ नंतर जा.

दारावर

संमतिपत्र वाचून दाखवायचं, हातात ठेवून 'इथे सही करा' नाही. सही येत नसेल तर अंगठा आणि तटस्थ, लिहिता-वाचता येणारा साक्षीदार. माहिती घेणारा विद्यार्थी स्वतः साक्षीदार होऊ शकत नाही. १८ वर्षांखालच्या मुलीशी बोलायचं तर पालकांची संमती आणि तिचा स्वतःचा होकार, दोन्ही.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा ताप, वजन घटणं, रात्री घाम येणं, यातलं काही सांगितलं तर फॉर्म भरून पुढच्या घरी जायचं नाही. जवळच्या आरोग्य केंद्राची चिठ्ठी द्यायची, आशाताईंना कळवण्याची परवानगी मागायची. तपासणी आणि औषध मोफत असतं, आणि उपचारकाळात निक्षय पोषण योजनेतून महिना १००० रुपये मिळतात, हे सांगायचं. आठवड्यानं पर्यवेक्षकानं चौकशी करायची. हे पाळायचं नसेल तर प्रश्न विचारूच नका.

पर्यवेक्षकानं दहातल्या एका घरी पुन्हा जाऊन तीन प्रश्न तपासावेत. एखाद्या जोडीची सगळी घरं दहा मिनिटांत संपत असतील तर फॉर्म कट्ट्यावर बसून भरले गेले. त्या मुलांना रागावण्याआधी त्यांच्यावर किती घरांचं ओझं टाकलं होतं ते पाहा.

करारात काय लिहून घ्यायचं

माहितीची मूळ प्रत कॉलेजकडे राहील. नाव-पत्ता वेगळ्या फाइलमध्ये, देशाबाहेर जाणार नाही. परदेशी भागीदाराला मिळेल ती ओळख काढलेली माहिती. शोधनिबंधात कॉलेजच्या किमान दोन शिक्षकांची नावं, आणि दोन निबंध निघाले तर एकात पहिलं नाव कॉलेजचं. त्यासाठी शिक्षकांनी विश्लेषणात आणि लेखनात खरंच बसायला हवं. 'माहिती गोळा केली' एवढ्यावर लेखकत्व मागता येत नाही, ते आभारप्रदर्शनात जातं. म्हणूनच विश्लेषणाचे ते आठ तास पहिल्या पत्रात मागायचे.

निबंध छापून येण्याची वाट न पाहता निकाल वस्तीत सांगण्याचं कलम घाला, तारखेसकट: शेवटचं घर झाल्यापासून ९० दिवसांच्या आत. सभा कॉलेजच्या सभागृहात ठेवली तर बायका येणार नाहीत. वसाहतीतल्या समाजमंदिरात, संध्याकाळी, अर्धा तास, तेलुगूत आणि उर्दूत, भिंतीवर चार मोठे तक्ते. आरोग्य अधिकारी, आशाताई आणि विडीकामगार संघटनेचे प्रतिनिधी समोर बसलेले हवेत, म्हणजे 'मग आता काय करणार?' असं एखाद्या बाईनं उठून विचारलं तर ते नुसतं विद्यार्थ्यांना झेलावं लागणार नाही. ती जे विचारेल ते शब्दशः लिहून घ्या. पुढच्या वर्षीची प्रश्नावली तिथूनच सुरू करायची.